पाठभेदाची जागा

आम्ही ज्या गांवीं राहतों त्याचें नांव कारंजा. परंतु एवढेंच नांव पत्रावर लिहून भागत नाहीं. विदर्भांतच, वर्धा जिल्ह्यांत, दुसरें एक कारंजा आहे, आणि तेंही आमच्या गांवाप्रमाणेंच तालुक्याचें ठिकाण आहे. तिसरें कारंजा उरणजवळ समुद्रकांठीं आहे. तेव्हां वर्ध्याकडील गांवास घाडग्यांचें आणि आमच्या गांवास लाडांचें नांव जोडून लोकांनीं व्यवहारापुरता हा घोटाळा फार पूर्वींच मिटविला. उलट पक्षीं, आमच्या या एकाच गांवाचें नांव कोणी कारंजा लिहितो, कोणी कारंजें, कोणी लाड कारंजा, तर कोणी कारंजा लाड. शिवाय वाशिम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. त्यामुळें जुन्या कागदांवर जिल्हा अकोला आणि नव्या कागदांवर जिल्हा वाशिम. एका नांवाचीं दोन गांवें, आणि एका गांवाचीं दोन नांवें! ज्यास ठिकठिकाणची माहिती एकत्र करावयाची आहे, त्याच्या वाटेंत हे दोन खड्डे नेहमींच असतात. पहिल्यांत पडला तर तो भिन्नांस एक मानतो. दुसऱ्यांत पडला तर एकास भिन्न मानतो. आणि मौज अशी कीं, पहिला खड्डा चुकविण्यासाठीं तो जों जों बाजूस सरकतो, तों तों दुसरा जवळ येतो.

हें काम पूर्वीं कारकून करीत. आतां तें बव्हंशीं संगणकाकडे गेलें आहे. बँकेची खातेवही, सातबाराचा उतारा, शाळेचें दाखलखारीज रजिस्टर, शिधापत्रिका, रुग्णालयांतील नोंदी, या प्रत्येकाची मांडणी वेगळी आणि भाषाही वेगळी. या सर्वांतून एका माणसासंबंधींची माहिती वेंचून एका ठिकाणीं आणावयाची, यास संगणकशास्त्रांत ‘डेटा इंटिग्रेशन’ म्हणतात. आपण त्यास माहितीचें एकत्रीकरण म्हणूं. हें काम करणाऱ्यांस लवकरच असें आढळून आलें कीं, अडचणी त्याच त्याच येतात, आणि त्यांवरील उपायही थोड्याफार फरकानें तेच तेच असतात. मग प्रत्येक वेळीं नव्यानें डोकें शिणविण्यापेक्षां अडचण कोणती, ती कोणत्या परिस्थितींत येते, कसोटीस उतरलेला उपाय कोणता, आणि त्या उपायापायीं काय सोसावें लागतें, हें सारें लिहून त्यास एक नांव देऊन ठेवावें म्हणजे पुढील माणसाचे श्रम वांचतात. अशा नांव दिलेल्या उपायास ‘डिझाइन पॅटर्न’ म्हणजे रचनाबंध म्हणतात. ही कल्पना मूळची वास्तुशास्त्रांतील. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं नगरें, घरें व खोल्या यांच्या बांधणीचे २५३ रचनाबंध प्रसिद्ध केले. १९९४ सालीं चौघां लेखकांनीं हीच रीति संगणकाच्या आज्ञावलींस लावून २३ रचनाबंध मांडले. आणि २००३ सालीं ग्रेगोर होपे व बॉबी वुल्फ यांनीं भिन्न भिन्न यंत्रणा परस्परांशीं जोडण्याचे ६५ रचनाबंध ग्रंथबद्ध केले.

यांपैकीं दोनचार रचनाबंध पाहिले म्हणजे त्यांचें स्वरूप ध्यानांत येईल. दहा कचेऱ्यांपैकीं प्रत्येकीनें इतर प्रत्येकीशीं बोलावयाचें म्हटलें तर ९० भाषांतरें लागतात. परंतु सर्वांनीं एक मधली भाषा मान्य केली तर तींत जाण्याचीं दहा आणि तींतून येण्याचीं दहा, अशीं २० भाषांतरें पुरतात. हा एक रचनाबंध. एकच निरोप चुकून दोनदां आला तरी त्यावर एकदांच कृति करावयाची, हा दुसरा. आणि जो निरोप कोठेंच पोंचूं शकत नाहीं तो फेकून न देतां त्याच्यासाठीं एक वेगळी जागा राखावयाची, हा तिसरा. टपालखात्यांत पत्ता न लागलेल्या पत्रांसाठीं जी वेगळी कचेरी असे, तिच्यावरूनच या रचनाबंधाचें नांव पडलें आहे.

येथवर सर्व ठीक आहे. प्रश्न पुढेंच आहे. असा रचनाबंध म्हणजे सुताराच्या रंध्याप्रमाणें केवळ एक हत्यार आहे काय, कीं ज्याच्या निवडीबद्दल कोणाची सोय आणि गैरसोय एवढेंच बोलावें? किंवा माणसांविषयींची माहिती जोडतांना आपण कोणता रचनाबंध पत्करतों यांत न्याय-अन्यायाचा प्रश्नही अंतर्भूत आहे? आमच्या मतें तो आहे. आणि त्याचा विचार करावयास आमच्या गांवाहून चांगलें ठिकाण शोधूनही सांपडणार नाहीं.

कारंज्यांत दिगंबर जैनांच्या बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांचीं मंदिरें आहेत, आणि येथील हस्तलिखितांचीं भांडारें विद्वानांस सुपरिचित आहेत. रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ सालीं नागपुरास प्रसिद्ध केली, तींत या ग्रंथांची नोंद आहे. पुढें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं १९३३ सालीं पुष्पदंत कवीचें ‘णायकुमारचरिउ’ हें अपभ्रंश काव्य संपादून कारंज्याच्या ग्रंथमालेंत काढलें. हे दोन हिरालाल निराळे. आणि ज्या पुष्पदंताचा आतां उल्लेख झाला तो दहाव्या शतकांतील राष्ट्रकूटकालीन कवि. ‘षट्खंडागम’ या प्राचीन सिद्धांतग्रंथाच्या प्रारंभीचीं सूत्रें रचणारे आचार्य पुष्पदंत त्याच्याहून कित्येक शतकें पूर्वींचे. केवळ नांव जुळलें म्हणजे माणूस जुळला, असा नियम जो करील तो कारंज्याच्या ग्रंथसूचीच्या पहिल्याच पानावर ठेंच खाईल.

परंतु आम्हांस सांगावयाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांचीं ताडपत्रें कर्नाटकांत मूडबिद्री येथें आहेत. प्रा. हिरालाल जैन यांनीं या ग्रंथाचा पहिला भाग १९३९ सालीं अमरावतीहून प्रसिद्ध केला, तेव्हां ताडपत्रांशीं पाठ ताडून पाहण्याची संधि त्यांस लाभली नव्हती. त्यांच्यापुढें होत्या त्या कागदावरील नकला: एक अमरावतीची, एक आऱ्याची आणि एक आमच्या कारंज्याची. त्यांस त्यांनीं अ, आ आणि क अशीं चिन्हें दिलीं. आतां पहिल्या प्रकरणाच्या ९३ व्या सूत्रांत या प्रती एक विशिष्ट पाठ देत होत्या. परंतु टीकेचा रोख आणि अर्थाची संगति पाहतां तेथें ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द असावयास हवा असें संपादकांस दिसलें. शब्द एकच, पण स्त्रीजन्मांतील जीवास संयमाची पायरी कोठवर चढतां येते, या फार जुन्या वादाचा धागा त्या शब्दास बांधलेला. अशा वेळीं संपादकापुढें दोन सोपे मार्ग होते. तीन प्रती एकमुखानें सांगतात म्हणून गप्प बसावें, हा पहिला. आपली खात्री झाली आहे म्हणून शब्द मूळ सूत्रांत बेधडक घालून द्यावा, हा दुसरा. त्यांनीं तिसरा, अवघड मार्ग धरला. सूत्र प्रतींत होतें तसेंच छापलें, आणि खालीं तळटीप दिली कीं, येथें ‘संजद’ एवढा पाठ राहून गेलासा वाटतो. त्यावरून पंडितवर्गांत मोठें वादळ उठलें. पुढें मूडबिद्रीचीं ताडपत्रें पाहण्यांत आलीं, तेव्हां तो शब्द तेथें होता.

या एका तळटीपेंत माहिती जोडण्याच्या धंद्याची सारी नीति आम्हांस दिसते. पहिली गोष्ट अशी कीं, साक्षीदार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. त्या नकला निरनिराळ्या गांवीं असल्या तरी मूडबिद्रीहून बाहेर आलेल्या एकाच नकलेच्या संततींतल्या होत्या. त्यामुळें त्यांचें एकमत हें तिघांचें एकमत नव्हतें, एकाचीच चूक तिघांच्या तोंडून येत होती. शाळेंत चुकलेली जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून आधारपत्रावर आणि आधारपत्रावरून बँकेंत गेली, आणि आतां तिन्ही ठिकाणीं तीच आहे म्हणून ती खरी, असें जो संगणकास शिकवितो तो हीच चूक करतो. दुसरी गोष्ट अशी कीं, कोणता पाठ कोणत्या प्रतींतून आला याची खूण कधीं पुसूं नये. अ, आ, क हीं अक्षरें जागेवर होतीं, म्हणूनच कोणास तरी मागें जाऊन मूळ पाहतां आलें. आणि तिसरी गोष्ट ही कीं, जेथें शंका आहे तेथें ती दिसेल अशा जागीं ठेवावी. मूळांत मिसळून टाकली तर ती खोट्या खात्रीचें रूप घेते. गिळून टाकली तर ती मरते.

हा कांहीं एका संपादकाचा लहरी स्वभाव नव्हे. ती सुविहित शिस्त आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें केलें. शारदा, नेवारी, बंगाली, ग्रंथ, तेलुगु, मल्याळम अशा नाना लिप्यांतील प्रती. त्यांपैकीं बंगालीचें ताडून पाहण्याचें काम शांतिनिकेतनांत आणि दाक्षिणात्य प्रतींचें तंजावरास चाले. प्रत्येक श्लोक कागदावर घरें आंखून लिहावयाचा, आणि प्रत्येक प्रतींतील फरक त्या त्या घराखालीं नोंदवावयाचा. मधली भाषा, भाषांतर, मूळाची खूण, सारे रचनाबंध तेथें होते. नांवें तेवढीं निराळीं. आणि डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं घालून दिलेली एक रीति तर आम्हांस फारच थोर वाटते. सिद्ध केलेल्या संहितेंत जो शब्द पुरेसा खात्रीचा नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ! योगायोग असा कीं, वर उल्लेखिलेल्या अलेक्झांडरांनींही आपल्या २५३ रचनाबंधांस तारे लावले आहेत: ज्यांच्याविषयीं पूर्ण भरंवसा त्यांस दोन, ज्यांच्याविषयीं कांहींसा त्यांस एक, आणि जेथें भरंवसा नाहीं तेथें तारा नाहीं. ज्यानें रचनाबंधांची कल्पना दिली त्यानेंच त्यांच्यावर किती विसंबावें हेंही सांगून ठेवलें. पुढें कल्पना सर्वत्र गेली. तारे मात्र मागें राहिले.

आतां हें सर्व आम्ही परक्याच्या चुका दाखविण्यासाठीं लिहीत आहों असें वाचकांनीं समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेंत प्रवेश, परीक्षा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ति या चार विभागांच्या याद्या एक करण्यासाठीं समिति नेमली गेली, आणि वडीलकीच्या मानानें तिचें अध्यक्षपद आमच्याकडे आलें. नियम आम्हींच सांगितला: विद्यार्थ्याचें नांव, वडिलांचें नांव, आडनांव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे व्यक्ति एकच समजावी, आणि जादा नोंद काढून टाकावी. गांवाचा रकाना आम्हीं बुद्ध्या वगळला. कारण गांवांचीं नांवें नाना तऱ्हांनीं लिहिलेलीं असत आणि जुळत नसत. यादी आटोपशीर झाली. सभेंत आमचें अभिनंदनही झालें.

पांच महिन्यांनीं एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. शिष्यवृत्तीवर वसतिगृहांत राहून शिकत होती. शिष्यवृत्ति आली नव्हती, आणि कचेरींत तिला सांगण्यांत आलें होतें कीं, ती तुम्हांस मागेंच मिळाली आहे. शोध केला तेव्हां कळलें कीं, तिच्याच नांवाची, त्याच आडनांवाची आणि वडिलांचेंही तेंच नांव असलेली दुसरी एक मुलगी दुसऱ्या गांवची होती. आणि दोघींची जन्मतारीख एकाच सालची १ जून होती. खरी तारीख ठाऊक नसली म्हणजे शाळेंत नांव घालतांना १ जून लिहावयाची, ही आपल्याकडील जुनी वहिवाट. ती वहिवाट आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. आमचीच जन्मतारीख कागदोपत्रीं १ जून आहे.

ती मुलगी एवढेंच म्हणाली, “सर, मी आहे हें दाखवायला माझ्यापाशीं कागद आहेत. पण मी ती दुसरी नाहीं, हें कोणत्या कागदावर असतं?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जादा म्हणून काढलेली नोंद आम्हीं कोठेंही राखून ठेवली नव्हती. शेवटीं दप्तरखान्यांतून तिचा मूळ प्रवेशअर्ज हुडकून काढावा लागला. तोंवर तिनें वसतिगृह सोडलें होतें आणि एस.टी.नें रोज जाऊन येऊन करीत होती. मागाहून आम्हीं हिशेब केला. संशयास्पद अशा जोड्या फार नव्हत्या. समोर कागद घेऊन बसलों असतों तर एका दुपारचें काम होतें. आमची ती दुपार वांचली, आणि तिचें अर्धें वर्ष गेलें.

जें एका संस्थेंत झालें तेंच मोठ्या प्रमाणावर राज्यांत होतें. आमचा मुलुख कापूस-सोयाबीनचा. म्हणून कर्जमाफीचें उदाहरण येथील प्रत्येक घरास कळेल. २०१७ सालच्या छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेंत बँकांकडील माहिती आणि शेतकऱ्यांचे अर्ज एकमेकांशीं ताडून पाहावयाचे होते. ऑक्टोबरांत समारंभानें प्रमाणपत्रें वांटण्यांत आलीं. परंतु याद्या जुळेनात, अनेक नांवांपुढें एकच आधार क्रमांक असल्याचें वृत्तपत्रांत गाजलें, आणि रकमा खात्यांत पडण्यास विलंब झाला. २०१९ च्या डिसेंबरांत जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंत रीति थोडी बदलली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या गांवोगांव लागल्या. प्रत्येक नांवास विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्यानें केंद्रावर जाऊन आपला आधार क्रमांक आणि कर्जाची रक्कम पाहावी, मान्य असेल तर तसें सांगावें, मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढें जावें. या योजनेंत त्रुटि नव्हत्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘मला हें मान्य नाहीं’ असें म्हणण्याची जागा रचनेंतच ठेवलेली होती, हा फरक लहान नव्हे. ती तळटीपेचीच जागा होय.

आमच्या एका तरुण स्नेह्यानें, जो संगणकशास्त्र शिकवितो, यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, प्रत्येक ठिकाणीं शंका काढीत बसलांत तर लाखों लोकांचें काम अडेल, आणि ज्यांची नोंद स्वच्छ आहे तेही विनाकारण ताटकळतील. महाभारतास सत्तेचाळीस वर्षें लागलीं, पेरणी तितकी थांबत नाहीं. आक्षेप रास्त आहे. परंतु रचनाबंधाचा उपयोग तरी कशासाठीं? जें निःसंशय आहे तें वेगानें पार पडावें आणि जें संशयित आहे त्याकडे माणसाचें लक्ष मोकळें व्हावें, यासाठींच ना? वांचलेलें लक्ष जर आपण त्या थोड्यांना दिलें नाहीं, तर तें वांचविलें कशाला? शिवाय, दोन्ही खड्डे सारखे खोल नसतात. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर तिजोरींतून कदाचित् दोनदां पैसे जातात; तिजोरी तें सोसते आणि पुढें वसूलही करते. दोन माणसांची एक नोंद झाली तर त्यांतील एक माणूस नाहींसा होतो, आणि त्यास आपलें असणें पुन्हां सिद्ध करावें लागतें. रक्तगटाच्या नोंदींत हें तारतम्य निराळें असेल, मतदारयादींत निराळें असेल. परंतु चूक झालीच तर ती कोणाच्या अंगावर पडेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय नियम लिहिणें म्हणजे आपला श्रम दुसऱ्याच्या शिरावर, त्यास न विचारतां, टाकणें होय. जोडण्याचा निर्णय जोडणाऱ्याचा. तेव्हां शंकेचा भारही प्रथम त्यानेंच वाहिला पाहिजे.

ज्यांनीं आमच्या गांवास लाड आणि वर्ध्याच्या गांवास घाडगे जोडलें, त्यांनीं दोहोंपैकीं कोणाचेंही मूळ नांव काढून घेतलें नाहीं. वेगळेपण सांगणारा एक शब्द तेवढा पुढें ठेवला. त्या संस्थेच्या यादींतही आतां असा एक रकाना आहे. गांवाचें नांव आहे तसें, मूळ अक्षरांसकट लिहिलेलें असतें. काढलेली नोंद राखून ठेवलेली असते. आणि शेवटीं ‘शंका’ म्हणून एक घर असतें. दरवर्षीं कोणीतरी नवा कारकून विचारतो कीं, हा रकाना कायमचा रिकामा कां करून टाकीत नाहीं. गेल्या वर्षीं त्यांत एकोणीस नांवें होतीं. अर्ज समोर घेऊन आम्ही बसलों, आणि संध्याकाळपर्यंत सतरा नांवें सुटलीं. उरलेल्या दोघांस पत्रें पाठविलीं आहेत. त्यांचें उत्तर येईतों त्यांच्या दोन्ही नोंदी तशाच राहतील.